काळ्या वाळूचं माहेर

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवला, की त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटतात. हे कण मॅग्नेटाइटचे, लोखंडाच्या ऑक्साइडचे. त्याच काळ्या रेतीत इल्मेनाइटही असतं. लोखंड आणि टायटॅनियमचं हे खनिज साध्या चुंबकाला जेमतेम दाद देतं. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर या धर्मगुरूने १७९१ मध्ये ओढ्यातली अशीच काळी वाळू तपासली आणि जगाला टायटॅनियमचा पत्ता लागला.

आपल्याकडे या कणांचं माहेर म्हणजे सह्याद्रीचा कातळ, बसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्यातले काही थर जगभरच्या भूशास्त्रात महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर याच नावांनी ओळखले जातात. आंबेनळी घाट उतरणारी एसटी हे थर एकामागून एक ओलांडत खाली जाते.

महाबळेश्वरच्या माथ्यावर पाण्याच्या वाटा फुटतात. कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेचा रस्ता धरतात. सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि बाणकोट-हरिहरेश्वरपाशी समुद्राला मिळते. एकाच कातळाचा एक कण सांगलीच्या घाटावरून बंगालच्या उपसागराकडे निघतो, दुसरा अरबी समुद्राकडे.

पुढचं काम लाटांचं. सोनाराच्या दुकानातली धूळ घमेल्यात धुणारा झारेकरी काय करतो? हलकं वाहू देतो, जड राखतो. लाटही तेच करते. जोराने वर येताना ती सगळी वाळू आणते, पण परतताना तिचा जोर कमी असतो, म्हणून हलके कणच मागे नेते. पाण्याच्या साडेचार ते सव्वापाच पट जड असलेले इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट किनाऱ्यावरच राहतात. गारगोटीचे कण जेमतेम २.६५ पट. पावसाळ्यातल्या उधाणानंतर किनाऱ्यावर काळे पट्टे उठून दिसतात ते यामुळेच.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर असे साठे आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने काळबादेवीजवळ समुद्राच्या तळाच्या वाळूतही इल्मेनाइटचा अभ्यास केला. या खनिजापासून पांढरा शुभ्र टायटॅनियम डायऑक्साइड बनतो, आणि भिंतीच्या रंगापासून कागदापर्यंत तो सगळीकडे लागतो. काळ्या कातळाच्या पोटी एवढी शुभ्रता निघावी, हे नवलच.

केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्याची गोष्ट वेगळी. १९०९ मध्ये शोमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला काथ्याला चिकटलेल्या वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट सापडलं. तिथले खडक बसॉल्टहून कितीतरी जुने आणि वेगळ्या जातीचे. बसॉल्टमध्ये मोनाझाइट जवळपास नसतंच, त्यामुळे सह्याद्रीतून येणारी काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइट-मॅग्नेटाइटचीच.

कोयनेचं पाणी मात्र आज दोन्हीकडे जातं. शिवसागर जलाशयातून बोगद्यांवाटे ते पोफळीला उतरतं, वाशिष्ठीत मिसळतं आणि दाभोळपाशी समुद्रात शिरतं. पण जलाशयाच्या संथ पाण्यात जड कण आधी खाली बसतात. सातारा जिल्ह्यातलं पाणी असं कोकणात पोचतं, काळी वाळू शिवसागराच्या तळाशीच राहते.