मोटारीच्या रंगाचे रक्षण : फवारणीचे मेण की सिरॅमिकचा लेप?

चारचाकी वाहन ही आता केवळ धनिकांची वस्तू राहिलेली नाही. आपल्या संस्थेच्या सभासदांपैकीही अनेकांच्या दारात आज लहानमोठी मोटार उभी असते. कोणी ती कुटुंबासाठी घेतली आहे, तर कोणी पोटापाण्यासाठी टॅक्सी म्हणून. बहुतेकांनी ती कर्ज काढून घेतलेली असते. वाहन घेताना आपण मायलेज विचारतो, हप्ता विचारतो, विमा विचारतो. परंतु अगदी शेवटी, सह्यांच्या घाईत, विक्रेता एक प्रश्न विचारतो : "साहेब, सिरॅमिक कोटिंग करून घेणार ना?" या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो एका फजितीमुळे. दोन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बंधूंनी मोटार घेतली. बँकेतला माणूस सोबत असावा म्हणून त्यांनी आम्हांस शोरूममध्ये नेले. विक्रेत्याने पाच वर्षांच्या हमीचे सिरॅमिक कोटिंग पंचवीस हजार रुपयांस सांगितले, ती रक्कम कोटेशनमध्ये मिळवली आणि कर्जाचा आकडा तेवढ्याने वाढला. रोज दुसऱ्यांचे कर्जाचे कागद तपासणारे आम्ही, त्या दिवशी मात्र गप्प बसलो. सहा महिन्यांत बोनेटवर पांढरट गोल डाग उमटले. तक्रार केली तेव्हा हमीपत्राच्या मागील बाजूची बारीक अक्षरे आम्हांस दाखविण्यात आली. पाण्याचे डाग हमीत नव्हते आणि दर सहा महिन्यांनी पैसे भरून देखभाल करून घेणे बंधनकारक होते. त्यानंतर आम्ही या विषयाची माहिती मिळविण्यास सुरुवात केली. ती आधी मिळवावयास हवी होती, हे उघड आहे.

रंगाचे थर

मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सर्व थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांतील क्लिअर कोट अवघा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही सहसा पातळ. मोटारीची चकाकी याच थरावर अवलंबून असते. उन्हातील अतिनील किरण, पक्ष्यांच्या विष्ठेतील आम्ल, झाडाचा चीक, बोअरच्या पाण्यातील क्षार आणि धूळ हे त्याचे शत्रू. ओरखडे काढण्यासाठी यंत्राने पॉलिश केले की याच थरातील थोडा भाग घासून जातो आणि तो पुन्हा भरून येत नाही. म्हणून त्याच्यावर आणखी एक थर द्यावयाचा, की जो झिजेल तो वरचा झिजेल आणि मूळ थर वाचेल. मेण असो वा सिरॅमिक, दोहोंमागील तत्त्व हेच.

फवारणीचे मेण

गाडीच्या मेणात परंपरेने कार्नौबा नावाचे मेण वापरतात. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून ते मिळते. वनस्पतींपासून मिळणाऱ्या मेणांत ते फार कठीण समजले जाते आणि साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. फवारणीच्या बाटलीत या मेणाचे सूक्ष्म कण, सिलिकॉन वा तत्सम पदार्थांसह पाण्यात मिसळलेले असतात. काही बाटल्यांत नैसर्गिक मेणाऐवजी कृत्रिम पॉलिमर असतात. धुतलेल्या गाडीवर फवारा मारावयाचा आणि मऊ मायक्रोफायबरच्या कापडाने पुसून घ्यावयाचे, एवढेच काम. लहान गाडीला अर्धा तास पुरतो.

मात्र हे मेण रंगाला केवळ चिकटून राहते. त्याच्याशी रासायनिक बंध जोडत नाही. त्यामुळे कडक ऊन, पाऊस आणि तीव्र साबण यांनी ते लवकर उतरते. आमच्या नागपूरकडील उन्हाळ्यात त्याचे आयुष्य चार ते आठ आठवडे धरावे.

सिरॅमिकचा लेप

सिरॅमिक म्हटले की भट्टीत भाजलेली चिनी मातीची भांडी डोळ्यांपुढे येतात. येथे भट्टी नसते. लहान कुपीत सिलिकॉनची संयुगे द्रावकात विरघळविलेली असतात. ती रंगावर पसरली की द्रावक उडून जातो आणि हवेतील आर्द्रतेशी संयोग होऊन सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या बंधांची घट्ट जाळी तयार होते. वाळूतील मुख्य घटक सिलिका, तोही याच दोन मूलद्रव्यांचा बनलेला आहे. ही जाळी रंगाला घट्ट धरून राहते, साबणाने निघत नाही आणि आम्ल व क्षार यांपुढे मेणापेक्षा पुष्कळ अधिक टिकते. अळूच्या पानावरून घरंगळावे तसे पाणी तिच्यावरून घरंगळते आणि चिखलही लवकर सुटतो. चांगला लेप नीट दिला आणि नीट जपला, तर तो काही वर्षे काम देतो.

परंतु हा लेप अतिशय पातळ, बहुधा एकदोन मायक्रॉनचाच असतो आणि त्याचे यश पूर्वतयारीवर अवलंबून असते. गाडी धुणे, चिकटलेले लोहकण व डांबर काढणे, ओरखडे पॉलिशने घालविणे, तेलकटपणा पुसणे, हे सर्व सावलीत, थंड पृष्ठभागावर करावे लागते. ही तयारी न करता लेप दिला तर खालचे ओरखडे त्याखाली तसेच बंदिस्त होतात. वेळेवर पुसला नाही तर लेपाचेच चट्टे वाळून बसतात. मग पॉलिश करून लेपासह सर्व काढावे लागते.

या दोहोंमध्ये तिसराही प्रकार आहे, तो म्हणजे सिरॅमिकचा फवारा. यात सिलिकायुक्त द्रव्य सौम्य प्रमाणात असते. लावण्यास मेणाइतका सोपा, टिकण्यास मेणाहून सरस. मात्र त्याचे आयुष्य काही महिन्यांचे, वर्षांचे नव्हे.

काही गैरसमज

"९ एच कठीणपणा" असे जाहिरातीत लिहिलेले असते. हे माप पेन्सिलीचे आहे. चित्रकलेचे विद्यार्थी एच व बी क्रमांकांच्या पेन्सिली जाणतातच. त्या मालिकेतील सर्वांत कठीण पेन्सिलीनेही लेपावर ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरील धुळीतले वाळूचे कण पेन्सिलीच्या शिशाहून पुष्कळ कठीण असतात. म्हणून कोरड्या धुळीवर फडके फिरविले की सिरॅमिकवरही ओरखडे उठतात. उडालेला खडा तर दोन्ही थर भेदून जातो.

दुसरा गैरसमज पाण्याच्या डागांचा. थेंब सुंदर दिसतात, परंतु बोअरच्या जड पाण्याचा थेंब उन्हात वाळला की त्यातील क्षार गोल कड्याच्या रूपाने मागे राहतात. लेप असो वा नसो, डाग पडतातच. बंधूंच्या गाडीचे नेमके हेच झाले होते. रोज सकाळी पाइपने धुऊन ते गाडी उन्हातच वाळत ठेवीत.

हिशेब

पंचवीस हजार रुपये १० टक्के दराने सात वर्षांच्या कर्जात घातले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४१५ रुपयांनी वाढतो आणि एकूण फेड सुमारे ३४,८६० रुपये होते. म्हणजे व्याजच जवळजवळ ९,८६० रुपये! त्यातही लेपाची हमी पाच वर्षांची आणि हप्ता सात वर्षांचा. शेवटची दोन वर्षे आपण हमी संपलेल्या लेपाचे हप्ते भरीत असतो. याउलट पाचशे रुपयांची अर्ध्या लिटरची मेणाची बाटली दर सहा आठवड्यांनी वापरली, तर लहान गाडीला साधारण वर्षभर पुरते. पाच वर्षांचे अडीच हजार रुपये. अर्थात यात वर्षाकाठी चारपाच तासांचे आपले श्रम धरलेले नाहीत. तेही धरावयास हवेत.

कोणी काय निवडावे

गाडी स्वतः धुणाऱ्या कुटुंबाने मेणाचा किंवा सिरॅमिकचा फवारा घ्यावा. त्याहून अधिकाची गरज नाही. टॅक्सीचालक बंधूंची गाडी रोज उन्हात उभी असते आणि वारंवार धुतली जाते. तिला सिरॅमिकचा फवारा बरा. ज्यांची गाडी नवी आहे, ती पुष्कळ वर्षे ठेवावयाची आहे आणि हाताशी रोख पैसा आहे, त्यांनी पूर्ण लेप जरूर करावा. मात्र पूर्वतयारीत काय काय करणार ते लेखी घ्यावे, हमीपत्राची मागील बाजू आधी वाचावी आणि ही रक्कम कर्जात घालू नये.

निवड कोणतीही असो, खरे रक्षण धुण्यात आहे. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. एक बादली शाम्पूची व एक फडके खळबळण्याची, अशा दोन बादल्या ठेवाव्यात. भांड्याचा साबण वा कपड्यांची पावडर वापरू नये. सावलीत धुवावे आणि लगेच पुसून कोरडे करावे. पक्ष्याची विष्ठा दिसताच ओल्या कापडाने भिजवून काढावी. उन्हात ती तशीच राहिली तर रंगावर कायमचा व्रण उठतो.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते की, आपण रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचतो ते आम्ल, क्षार आणि पृष्ठताण यांचे धडे दारातल्या गाडीवर प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. घरात वाहन येणार असेल तेव्हा वडिलांबरोबर शोरूममध्ये जावे आणि कोटेशनमधील प्रत्येक ओळीचा अर्थ विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही. आम्ही त्या दिवशी विचारले नाही, त्याचा हप्ता बंधू अजून भरीत आहेत. वाचकांपैकी एकाने जरी सही करण्यापूर्वी कागदाची मागील बाजू उलटून पाहिली, तरी आमच्या या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.