तांदळाच्या डब्यातला फोन

दुपारची जेवणं आटोपली होती. नागावच्या एका वहिनींकडे मी सुपारी आणायला गेले होते. ओटीवर गप्पा रंगल्या होत्या, तेवढ्यात कुठून तरी बारीक घरघर ऐकू यायला लागली. थांबली, पुन्हा सुरू झाली. आवाज आतल्या खोलीतून येत होता. वहिनींचा चेहरा पडला.

"काही नाही ताई, फोन आहे. तांदळाच्या डब्यात ठेवलाय. सासूबाईंना आवाज नको जायला."

दहा मिनिटांत सहा वेळा तो डबा घरघरला. शेवटी वहिनी रडायलाच लागल्या. नाव छापायचं नाही, या बोलीवर त्यांनी सगळं सांगितलं. तुमच्या-माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत आज असाच एखादा फोन डब्यात, गादीखाली, कपाटात कोंबलेला असेल, म्हणून ते इथे लिहितेय.

वहिनींचं घर उधळं नाही. वाडीत नारळ-सुपारी, मागे पर्यटकांसाठी दोन खोल्या. खोल्या बांधायला बँकेचं कर्ज काढलेलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पर्यटक बंद झाले. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. खोल्यांचे पत्रे उडाले, वाडीतली झाडं आडवी झाली. रिझर्व्ह बँकेनं त्या वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, पण व्याज काही थांबलं नव्हतं. पत्र्यांसाठी पतसंस्थेकडून पैसे घेतले. पतसंस्थेचा हप्ता भरायला महिलांच्या गटातून कर्ज उचललं. गटाचा हप्ता चुकू नये म्हणून क्रेडिट कार्ड वापरलं. आणि कार्डवाल्यांचे फोन थांबावेत म्हणून मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून पंधरा हजार!

"एका फोनचं तोंड बंद करायला मी दुसरा फोन विकत घेतला हो," वहिनी म्हणाल्या.

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातली खरी चूक तेवढीच. वादळ काही वहिनींनी आणलं नव्हतं. पण फोनच्या भीतीनं घेतलेलं प्रत्येक नवं कर्ज आधीच्यापेक्षा महाग होतं.

फोनवर बोलतो तो कोण?

"उद्या पोलीस येतील." "गावात तुमच्या नावाचा बोर्ड लावू." "मंगळसूत्र विका, पण संध्याकाळपर्यंत पैसे भरा." वहिनींना ऐकावी लागलेली ही वाक्यं. असं बोलणारा माणूस बहुतेक वेळा बँकेचा नसतोच. तो वसुलीचं कंत्राट घेतलेल्या एजन्सीचा असतो आणि वसूल होईल त्यावर त्याची कमाई ठरते. जी बाई घाबरते तिच्याकडून पैसे लवकर निघतात, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याच्या हातात ना पोलीस आहेत ना कोर्ट. हातात आहे तो फक्त फोन.

साधं कर्ज फेडता आलं नाही म्हणून पोलीस कुणाला पकडून नेत नाहीत. हा दिवाणी मामला आहे. वाहनकर्जाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००७ सालीच बजावलं होतं, की वसुली कायद्याच्या मार्गानं व्हायला हवी, गुंड पाठवून नव्हे. २००८ साली रिझर्व्ह बँकेनं वसुली एजंटांसाठी नियम घातले. ऑगस्ट २०२२ मध्ये तिनं बँकांना आणि वित्त कंपन्यांना पुन्हा बजावलं: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन नको, शिवीगाळ-धमकी नको, चारचौघांत अपमान नको, नातेवाइकांना आणि मित्रमंडळींना त्रास नको. एजंटानं केलेल्या वागणुकीची जबाबदारीही कर्ज देणाऱ्या संस्थेवरच.

महिला गटांना मिळणाऱ्या मायक्रोफायनान्स कर्जांसाठी नियम त्याहून कडक आहेत. मार्च २०२२ च्या नियमांप्रमाणे सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुली नाही. हप्ता ठरलेल्या जागीच घ्यायचा. लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा कर्जदार तिथे आली नाही, तरच घरी जायचं. अर्थात गटाच्या कर्जात वेगळंच दुखणं असतं. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकाच दारात येऊन बसतात. त्यांचा राग धरू नका, त्यांचाही जीव टांगणीला लागलेला असतो. पण आपली अडचण गटाच्या बैठकीत आपणच आधी सांगितली, तर निदान 'तोंड लपवते' असं तरी कुणी म्हणत नाही.

डब्यातून वहीकडे

अलिबागच्या एका ओळखीच्या वकीलबाईंकडे आम्ही दोघी गेलो. त्यांनी वहिनींना पहिलं औषध दिलं ते दोनशे पानी वहीचं! एका बाजूला सगळी कर्जं लिहायची: कुणाचं, किती, तारण काय, सही कुणाची, जामीन कोण. दुसऱ्या बाजूला प्रत्येक फोन: तारीख, वेळ, नंबर, माणसाचं नाव, एजन्सी, तो काय बोलला.

आणि बोलायचं कसं? बाईंनी वाक्यंच पाठ करून घेतली. "भाऊ, तुमचं नाव आणि एजन्सीचं नाव सांगा. मी लिहून घेतेय. कर्जाचा हिशेब मला लेखी पाठवा. माझं उत्तर मी बँकेला लेखी देईन." बस्स! वाद घालायचा नाही, रडायचं नाही, सुटका व्हावी म्हणून 'शुक्रवारी भरते' असं खोटं वचनही द्यायचं नाही. माणूस दारात आला तर आधी ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागायचं. एजंटाच्या खासगी खात्यावर पैसे पाठवायचे नाहीत, पावतीशिवाय रोख द्यायची नाही. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही तर मुळीच नाही.

तक्रार पहिल्यांदा बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी करायची आणि पोच ठेवायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी लागत नाही. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात. धमकी, अश्लील बोलणं, घरात घुसणं हे तर सरळ गुन्हे आहेत. त्यासाठी पोलीस ठाणं. अ‍ॅपवाल्यांनी फोटो विद्रूप करून ओळखीच्यांना पाठवायची धमकी दिली, तर लगेच सायबर मदतीचा १९३० नंबर फिरवायचा.

नादारी म्हणजे काय हो?

वहिनींनी दबक्या आवाजात विचारलं, "आम्ही हात वर केले तर? दिवाळखोरी घेतली तर?"

कायद्याच्या भाषेत याला नादारी म्हणतात. २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला, पण त्यातला तुमच्या-आमच्यासारख्या सर्वसामान्य माणसांसाठीचा भाग अजून लागू झालेला नाही. त्यामुळे मुंबई शहराबाहेर आजही १९२० सालचा नादारीचा कायदाच चालतो. आपल्याकडे अर्ज करायचा तो अलिबागच्या जिल्हा न्यायालयात. मालमत्ता किती, देणी किती, कुणाकुणाची, हे सगळं त्यात खरंखरं मांडावं लागतं. म्हणजे आपली ती वहीच!

न्यायालयानं नादार ठरवलं, की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. मग बिनतारणी कर्ज देणाऱ्यांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय वसुलीची कारवाई करता येत नाही. पण नुसता अर्ज टाकला म्हणून दुसऱ्या दिवशी फोन थांबत नाहीत. तारण असलेली मालमत्ता यातून सुटत नाही. सरकारी देणी, पोटगी आणि फसवणुकीतून झालेलं देणं माफ होत नाही. मुक्ततेसाठी पुन्हा वेगळा अर्ज करावा लागतो आणि रुपयामागे आठ आणेही फिटत नसतील, तर त्यात आपला दोष नव्हता हे पटवून द्यावं लागतं. म्हणून नादारी हा शेवटचा दरवाजा. आहे हे माहीत असावं, पण घाईनं ढकलू नये.

एक धोक्याची सूचना. अर्ज करायच्या आधी वाडी भावाच्या नावावर, दागिने जावेच्या कपाटात, असले उद्योग करू नका. दोन वर्षांमागे केलेलं बक्षीसपत्रसुद्धा न्यायालय रद्द करू शकतं. जवळच्या एकाचंच देणं गुपचूप फेडलं, तर तेही उलटतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त धीर आला तो दिवाणी कायद्यातल्या दोन जुन्या कलमांनी. पहिलं असं: पैशाच्या वसुलीच्या हुकूमनाम्यासाठी न्यायालय बाईला दिवाणी तुरुंगात टाकू शकत नाही. हिराकोटातल्या तुरुंगावरून जाताना वहिनींच्या पोटात गोळा यायचा, तो उगाचच! दुसरं असं: जप्ती आलीच, तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणं, कारागिराची अवजारं आणि धर्माचाराप्रमाणे बाई अंगावेगळे करू शकत नाही असे दागिने जप्त करता येत नाहीत. म्हणजे फोनवरचा माणूस जे मंगळसूत्र विकायला सांगत होता, त्याला कोर्टाचा बेलिफसुद्धा हात लावत नाही!

मात्र इथे गाफील राहू नका

फोनला घाबरायचं नाही, पण कागदाला मान द्यायचा. घर गहाण असेल आणि बँकेची साठ दिवसांची नोटीस आली, तर ती देवघरात ठेवून चालत नाही. त्या मुदतीनंतर बँक कोर्टात दावा न लावताही ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. पतसंस्थेची कलम १०१ खालची नोटीस आली, तर तारखेला हजर राहावंच लागतं. चेक परत गेल्याची नोटीस आली, तर पैसे भरायला पंधरा दिवस मिळतात. त्यानंतर फौजदारी खटला होऊ शकतो आणि त्यात बाई म्हणून सूट नाही.

नवऱ्याच्या कर्जावर तुमची सही नसेल, तर केवळ बायको म्हणून तुम्ही देणेकरी होत नाही. पण सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली असेल, तर पुरत्या अडकता. 'इथे सही कर गं' असं घरात म्हटलं, की आपण पोळपाट बाजूला सारून सही करतो. यापुढे आधी वाचायचं!

आता फोन कुठे आहे?

वहिनींनी त्या रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मला काय कळत नव्हतं होय? तांदूळ काढायला गेले की डबा थरथरायचा." दोन महिने ज्यांच्यापासून लपवलं, त्यांना आधीच ठाऊक होतं! दुसऱ्या दिवशी वहिनींचे 'हे' स्वतः पतसंस्थेत गेले. नादारीचा अर्ज सध्या तरी केलेला नाही. बँकेनं मुदत वाढवून दिलीय. कार्डाचं प्रकरण लोकअदालतीत तडजोडीला ठेवायचं चाललंय. तडजोडीचं पत्र हातात आल्याशिवाय एक पैसा भरायचा नाही, असं वकीलबाईंनी बजावलंय. तडजोड केल्याची नोंद पतअहवालात राहते आणि पुढचं कर्ज अवघड जातं, हेही त्यांनी लपवलं नाही. अ‍ॅपवाल्यांची तक्रार गेलीय. कर्ज अजून आहे, आणि फिटायला वर्षं जातील.

परवा मी पुन्हा गेले होते. वादळानंतर लावलेल्या रोपांना आता कुठे सुपारी धरू लागलीय, ती वहिनी कौतुकानं दाखवत होत्या. दिवेलागण झाली आणि फोन वाजला. या खेपेला तो ओटीवरच्या फळीवर होता, वहीच्या शेजारी. वहिनींनी घड्याळाकडे बघितलं, पेन उघडलं आणि शांतपणे म्हणाल्या,

"सव्वासात वाजलेत भाऊ. सातनंतर फोन करायचा नसतो. नाव काय तुमचं?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

कात्रण काढून ठेवा

• मोफत वकील: महिलांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.
• रिझर्व्ह बँकेकडे तक्रारीची माहिती: १४४४८.
• सायबर फसवणूक, अ‍ॅपची धमकी: १९३०. तातडीची पोलीस मदत: ११२.
• सावकारानं त्रास दिला, तर त्याचा परवाना आहे का ते तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात विचारा. २०१४ च्या सावकारी कायद्यानं विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे.
• जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार मनात आले, तर एकट्या राहू नका. घरातल्या कुणाला तरी सांगा, १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर बोला. कर्जाला कायद्यात वाट आहे, गेलेला जीव परत येत नाही.