थॉमस लिंकन

थॉमस लिंकन (६ जानेवारी, १७७८ – १७ जानेवारी, १८५१) हे अमेरिकेतील शेतकरी व सुतार होते. अमेरिकेचे १६वे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे ते वडील होत. जेमतेम स्वतःची सही करू शकणाऱ्या थॉमस यांनी स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही. त्यामुळे त्यांचे चरित्र मुख्यतः खरेदीखते, करनोंदी, विवाहनोंदी व न्यायालयीन कागदपत्रे यांवरून उभे करावे लागते.

पूर्वज

घराण्याचे मूळ पुरुष सॅम्युएल लिंकन हे १६३७ साली इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातून मॅसॅच्युसेट्समध्ये आले. त्यांच्यापासून मोजल्यास थॉमस सहाव्या पिढीतील ठरतात. अब्राहम लिंकन यांना मात्र ही साखळी पूर्णपणे ज्ञात नव्हती. १८५९ साली लिहिलेल्या आत्मवृत्तात त्यांना आपले घराणे पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीपर्यंतच मागे नेता आले. न्यू इंग्लंडमधील लिंकन घराण्याशी असलेले नाते पुढील संशोधकांनी सिद्ध केले.

बालपण

थॉमस यांचा जन्म व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीत झाला. कुटुंब केंटकीत स्थलांतरित झाल्यानंतर १७८६ साली शेतात काम करत असताना मूळ अमेरिकी हल्लेखोरांनी त्यांच्या वडिलांना ठार केले. मृत्युपत्र नसल्याने तेव्हाच्या व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार जमीन थोरला भाऊ मॉर्डेकाय याच्याकडे गेली. थॉमस यांना लहानपणापासून मजुरी करावी लागली. पुढे ते सुतारकाम शिकले.

विवाह व अपत्ये

१२ जून, १८०६ रोजी केंटकीतील वॉशिंग्टन काउंटीत नॅन्सी हँक्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सारा (१८०७), अब्राहम (१८०९) आणि बालपणीच मरण पावलेला थॉमस ही त्यांची अपत्ये. अब्राहम यांच्या राजकीय उदयानंतर त्यांचे आईवडील विवाहित नव्हते अशी अफवा पसरली होती. विवाहाची नोंद शेजारच्या हार्डिन काउंटीत असावी असे समजून तेथे शोध घेतला गेल्याने ती सापडत नव्हती. अखेर १८७८ साली वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरात ती मिळाली आणि अफवा खोटी ठरली.

जमिनीचे वाद व स्थलांतर

थॉमस यांनी १८०३ साली मिल क्रीक येथे २३८ एकर जमीन विकत घेतली. त्यानंतर सिंकिंग स्प्रिंग व नॉब क्रीक येथे त्यांनी शेते घेतली. केंटकीत झाडे, दगड व ओढे यांच्या खुणांवरून हद्दी ठरत. एकाच जमिनीवर अनेकांचे दावे असत. तिन्ही शेतांबाबत हद्दीचा अथवा मालकीचा प्रश्न उभा राहिला. १८१६ साली कुटुंब इंडियानात गेले. तेथे जमिनीची चौकोनी पद्धतीने सरकारी मोजणी झालेली असल्याने मालकी निर्वेध मिळे. गुलामगिरीला असलेला विरोध हेही स्थलांतराचे एक कारण होते, असे अब्राहम यांनी नमूद केले आहे.

५ ऑक्टोबर, १८१८ रोजी नॅन्सी यांचे निधन झाले. विषारी वनस्पती खाल्लेल्या गायीच्या दुधातून होणारा आजार हे त्याचे कारण मानले जाते. १८१९ साली थॉमस यांनी सारा बुश जॉन्स्टन या तीन मुलांच्या विधवा मातेशी विवाह केला. कन्या सारा हिचा १८२८ साली बाळंतपणात मृत्यू झाला. १८३० साली कुटुंब इलिनॉयमध्ये गेले व पुढे कोल्स काउंटीत स्थायिक झाले.

पितापुत्र संबंध

पितापुत्रांत फारशी जवळीक नव्हती. १८४१ साली अब्राहम यांनी २०० डॉलर देऊन वडिलांची ४० एकर जमीन घेतली. मात्र आईवडिलांचा तहहयात वहिवाटीचा हक्क कायम ठेवला. वडिलांच्या अखेरच्या आजारात ते भेटीस गेले नाहीत व अंत्यविधीसही उपस्थित नव्हते. १८५३ साली जन्मलेल्या धाकट्या मुलाचे नाव मात्र त्यांनी थॉमस ठेवले.

पुनर्मूल्यमापन

सुरुवातीच्या चरित्रकारांनी थॉमस यांना आळशी व कर्तृत्वशून्य ठरवले. लुइस वॉरेन यांनी १९२६ सालच्या ग्रंथात केंटकीतील काउंटी दप्तरांच्या आधारे वेगळे चित्र मांडले. नियमित कर भरणारा, जमीन व घोडे बाळगणारा असा हा गृहस्थ त्या नोंदींत दिसतो. अमेरिकेच्या जनगणनेत १८५० पूर्वी केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. इतर सदस्यांची वयोगटानुसार फक्त संख्या नोंदवली जाई. म्हणून त्या काळातील ग्रामीण कुटुंबाचा शोध घेताना अशा स्थानिक दप्तरांना विशेष महत्त्व आहे.