पाण्याचा मीटर: ऐकीव गोष्टी आणि मोजलेले आकडे

२०११ च्या जनगणनेत भिवंडीची लोकसंख्या सात लाखांच्या पुढे गेली होती. एवढ्या शहराला पुरेल असा स्वतःचा मोठा जलस्रोत भिवंडीकडे नाही. वऱ्हाळा तलावाचा वाटा थोडा आहे. बहुतेक पाणी दोन ठिकाणांहून विकत घ्यावे लागते: उल्हास नदीचे पाणी उचलणाऱ्या शहाड-टेमघर योजनेकडून, म्हणजेच स्टेमकडून, आणि मुंबई महापालिकेकडून. हे दोन्ही पुरवठादार पाणी मोजून देतात आणि हजार लिटरच्या हिशेबाने पैसे घेतात. म्हणजे भिवंडी-निजामपूर महापालिका स्वतःच मीटरची ग्राहक आहे. घरापर्यंत येता येता मात्र हा हिशेब पुसट होतो आणि त्याची जागा ऐकीव गोष्टी घेतात. त्यांतल्या काहींमागे अनुभव आहे, काहींमागे जुना राग आहे. तपासून पाहिल्या तर त्यांतल्या फार थोड्या टिकतात.

गैरसमज १: जलवाहिन्या आपल्या तालुक्यातून जातात, मग आपल्याला पाणी विकत कशाला?

ही भावना समजण्यासारखी आहे. मुंबईची तहान भागवणारा पिसे येथील बंधारा आणि पांजरापूरचा जलशुद्धीकरण प्रकल्प भिवंडी तालुक्यातच आहेत. तानसा धरण शेजारच्या शहापूर तालुक्यात आहे आणि ते १८९२ पासून मुंबईला पाणी देते. डोळ्यांदेखत अजस्र पाइप दुसऱ्या शहराकडे जात असताना स्वतःच्या नळाचे बिल खटकणारच. पण बिलातली रक्कम मुख्यतः नदीतल्या पाण्याची नसते. ते उचलण्यासाठी लागणारी वीज, गाळण, क्लोरीन, पाइप, पंप आणि माणसे यांचा तो खर्च असतो. नदी दारातून वाहत असली तरी तिचे पाणी आपोआप शुद्ध होत नाही आणि आपोआप तिसऱ्या मजल्यावर चढतही नाही. पाण्याच्या वाटपात तालुक्यावर अन्याय होतो का, हा रास्त राजकीय प्रश्न आहे. मात्र तो घरच्या मीटरच्या आकड्यावरून सुटणारा नाही.

गैरसमज २: मीटरवर दिसतो तो सगळा आकडा बिलात धरतात.

घरगुती मीटरच्या तबकडीवर साधारणपणे दोन रंग असतात. काळे अंक पूर्ण घनमीटर, म्हणजे हजार लिटर, दाखवतात. बिलातले एक युनिट ते हेच. लाल अंक किंवा छोटे लाल काटे त्याखालचे लिटर दाखवतात. काळे आणि लाल अंक सलग वाचले की १२४ युनिटचे हजारोंच्या घरातले रीडिंग होते आणि छातीत धडकी भरते. बिलासाठी काळ्या अंकांतला फरक धरतात: आजचे रीडिंग वजा मागचे रीडिंग. हे युनिट केवढे असते याचा अंदाज असलेला बरा. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण देशात वापरले जाते. त्यानुसार पाच जणांच्या कुटुंबाला दिवसाला ६७५ लिटर, म्हणजे महिन्याला सुमारे २० युनिट लागतात. दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे दहा युनिट.

गैरसमज ३: नळाला आधी हवा येते आणि मीटर त्या हवेवरच पळतो.

यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच हा समज इतका चिवट आहे. पाणी दिवसातून काही तासच सुटत असेल तर मधल्या वेळात पाइप रिकामे होतात. पाणी सुटले की आतली हवा पुढे ढकलली जाते, नळ फुसफुसतो आणि मीटरचे चक्र त्या हवेनेही फिरते. प्रश्न प्रमाणाचा आहे. १५ मिलिमीटर व्यासाच्या ३० मीटर लांब पाइपात सुमारे पाच लिटर हवा मावते. गल्लीतल्या १०० मिलिमीटरच्या शंभर मीटर पाइपात मावते जवळपास ७८५ लिटर, पण ती त्या पाइपावरच्या सगळ्या जोडण्यांत वाटली जाते. वीस जोडण्या धरल्या आणि सगळी हवा मीटरमधूनच गेली असे मानले, तरी दर घरी एका वेळी चाळीसेक लिटर येतात. रोज एकदा पाणी आले तर महिन्याला सव्वा युनिटच्या आसपास. दुप्पट बिलाचे खापर या हवेवर फोडता येत नाही. एखाद्या घराच्या वाट्याला जास्त हवा येत असेल तर ते पडताळता येते. फुसफुस सुरू होताना आणि प्रत्यक्ष धार लागताना, अशी दोन रीडिंग चार-पाच दिवस लिहून ठेवावीत. फरक मोठा निघाला तर गल्लीतल्या पाइपावर एअर व्हॉल्व्ह बसवण्याची मागणी करावी. नळाच्या लाइनला थेट मोटार जोडणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने शेजाऱ्याचे पाणी तुटते आणि पाइपाच्या फटींतून बाहेरची घाणही आत ओढली जाते.

गैरसमज ४: मीटर जुना झाला की फास्ट पळतो.

बहुतेक वेळा घडते ते याच्या उलट. यांत्रिक मीटरमध्ये पाण्याच्या धारेने एक छोटे चक्र फिरते. वर्षानुवर्षे फिरून त्याचे टेकू झिजतात, क्षार बसतात, चक्र जड होते आणि बारीक धार त्याला हलवूही शकत नाही. त्यामुळे जुना मीटर बहुधा कमी दाखवतो. मग नवा मीटर बसतो, तो खरा वापर नोंदवतो, आकडा वाढतो आणि संशय नव्या मीटरवर जातो. शहरात विजेचे नवे मीटर बसले तेव्हाही हीच कुजबुज होती. अपवाद आहेत: काही मीटरमध्ये वाळू किंवा गंज अडकून धारेची वाट अरुंद झाली तर धार जोरात आदळते आणि मीटर जास्त दाखवू शकतो. म्हणून मीटरच्या तोंडाशी असलेली जाळी साफ असणे महत्त्वाचे. घरगुती मीटरसाठीच्या आयएस ७७९ या भारतीय मानकात नेहमीच्या प्रवाहाला दोन टक्के आणि अगदी मंद प्रवाहाला पाच टक्के चूक मान्य आहे. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर बाकी सगळे नळ बंद करून वीस लिटरची बादली पाच वेळा भरावी. लाल अंक शंभराच्या दोन-चार लिटर अलीकडे-पलीकडे असतील तर मीटर ठीक आहे. तफावत दहा-पंधरा लिटरची असेल तर तो तपासायला द्यावा.

गैरसमज ५: घरात माणसे तेवढीच, वापर तोच, तरी बिल वाढले म्हणजे रीडिंग खोटे.

रीडिंग चुकू शकते, म्हणून पहिली गोष्ट म्हणजे बिलातला आकडा मीटरशी ताडून पाहणे. तो जुळत असेल तर पाणी कुठेतरी गेलेलेच आहे. सगळे लगेच ठिबकणाऱ्या नळाकडे पाहतात, पण खरा चोर बहुधा तो नसतो. चार हजार थेंबांचा एक लिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळातून दिवसाला २१ ते २२ लिटर जातात. महिन्याचे एक युनिटही होत नाही. भरून वाहणाऱ्या टाकीचे गणित वेगळे आहे. रात्री-अपरात्री पाणी सुटते, घर झोपलेले असते, टाकीचा बॉल कॉक बिघडलेला असतो. मिनिटाला दहा लिटरची धार तासभर गटारात गेली तर ६०० लिटर जातात. रोज असे झाले तर महिन्याला १८ युनिट, म्हणजे जवळपास एका कुटुंबाचा अख्खा वापर. गळती शोधण्याची नेहमी सांगितली जाणारी युक्ती अशी: सगळे नळ बंद करा आणि मीटर फिरतो का ते पाहा. जिथे पाणी ठरावीक वेळीच येते तिथे ही चाचणी पाणी चालू असतानाच करावी लागते. एरवी पाइपात दाबच नसतो, त्यामुळे गळती असली तरी मीटर शांत राहतो. टाकीच्या पुढची गळती मीटरवर वेगळी दिसत नाही. तिच्यासाठी रात्री पाण्याच्या पातळीवर खूण करून सकाळी ती पाहावी. शिवाय बिल किती दिवसांचे आहे तेही पाहावे. ७५ दिवसांच्या बिलाची ६० दिवसांच्या बिलाशी तुलना केली तर वापर वाढल्याचा नुसता भास होतो.

गैरसमज ६: मीटर बंद पडला तर पडू द्या, सरासरी बिल फायद्याचे असते.

सरासरी बिलात वाढीव वापर झाकला जातो हे खरे. पण त्यात काटकसरही झाकली जाते. मुले शिकायला बाहेरगावी गेली, एक बिऱ्हाड गावी परतले, तरी आकडा जुन्याच वापराचा राहतो. मुख्य म्हणजे वाद झाला तर ग्राहकाच्या हातात पुरावा उरत नाही. चालू मीटर हा महापालिकेचा जेवढा साक्षीदार, तेवढाच ग्राहकाचाही. तो बंद पडल्याचे ध्यानात येताच लेखी कळवावे आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.

गैरसमज ७: घरपट्टीत पाण्याचे पैसे भरले, मग वेगळे पाणीबिल म्हणजे दुहेरी वसुली.

एकाच मालमत्तेवर पाण्याच्या नावाने दोन आकडे दिसले की शंका येणे स्वाभाविक आहे. मुंबई वगळता महाराष्ट्रातल्या महापालिकांचा कारभार १९४९ च्या अधिनियमाने चालतो. त्यात मालमत्तेच्या करयोग्य मूल्यावर बसणारे पाण्याचे कर आहेत आणि मोजून दिलेल्या पाण्याचा आकारही आहे. या करांतला पाणी लाभ कर हा सोयीच्या उपलब्धतेवर बसतो, वापराचा आकार प्रत्यक्ष पाण्यावर. हे दोन्ही एका वेळी असणे म्हणजे दुहेरी वसुली नव्हे. मात्र मोजून होणारी आकारणी ही पाणीपट्टीच्या जागी करायची असते. एकाच जोडणीवर ठोक पाणीपट्टी आणि मीटरचे बिल, दोन्ही लागले असतील तर तक्रार रास्त आहे. म्हणून बेरजेकडे नुसते पाहून संतापण्याऐवजी प्रत्येक ओळीचे शीर्षक वाचावे.

गैरसमज ८: एक युनिट जास्त झाले की सगळ्या पाण्याला वरचा दर लागतो.

टप्प्याटप्प्याच्या आकारणीत वरचा दर फक्त वरच्या पाण्याला लागतो. केवळ उदाहरणासाठी, पहिल्या २० युनिटला १० रुपये आणि पुढच्याला १५ रुपये दर धरू. २१ युनिटचे बिल २१५ रुपये होईल, ३१५ नव्हे. भीती निर्माण होते ती एकाच मीटरवरच्या चाळींत आणि इमारतींत. तिथे वीस बिऱ्हाडांचा वापर एकत्र मोजला जातो आणि रक्कम सारखी वाटली जाते. शेजारच्या उधळपट्टीचा भार काटकसर करणाऱ्यावर पडतो. त्यात दोष मीटरचा नाही, वाटणीच्या रीतीचा आहे. तो इमारतीच्या बैठकीतच सुटू शकतो.

गैरसमज ९: शेताला मीटर नाही, म्हणजे शेतीच्या पाण्याचा हिशेबच नाही.

कालव्यावर घरासारखा डबा दिसत नाही, म्हणून असे वाटते. उघड्या, गाळाच्या प्रवाहात तो टिकणारही नाही. तिथे ठरावीक आकाराच्या खाचेतून किंवा अरुंद केलेल्या पाटातून पाणी सोडतात आणि त्याची उंची मोजून प्रवाह काढतात. महाराष्ट्रात पूर्वापार सिंचनाची पाणीपट्टी पीक, हंगाम आणि क्षेत्रावर ठरत आली. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याची वाट घालून दिली आणि ठोक दर ठरवण्यासाठी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणही त्याच वर्षीच्या कायद्याने आले. प्रमाण मात्र लक्षात घ्यावे. एक हेक्टरला ७५ मिलिमीटरची एक पाळी म्हणजे ७५० युनिट, पाच जणांच्या कुटुंबाचा तीन वर्षांचा वापर. हेच गणित परसबागेलाही लागू आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटर बागेला रोज पाच मिलिमीटर दिले तर महिन्याला १५ युनिट लागतात. पाइप सोडून बाग भिजवणाऱ्याला हे बिलात दिसते, तेव्हा दोष मीटरला मिळतो.

गैरसमज १०: मीटर म्हणजे बिल वाढवण्याचा डाव.

ठोक पट्टीत दोघांचे घर आणि रोज गाडी धुणारे घर सारखेच पैसे देतात. मीटरने दुसऱ्याचे बिल वाढते, पहिल्याचे बहुधा घटते. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाण्याची योजना आखताना प्रत्येक जोडणीला मीटर आणि टप्प्यांचे दर हे तिचे अंगच मानले. मोजमाप नसेल तर अखंड पुरवठ्यात किती पाणी मुरते हे कळणारच नाही. नुसता मीटर लावून चोवीस तास पाणी येत नाही हेही खरे. गळके पाइप आणि अपुरा दाब तसेच ठेवून मीटर बसवले तर लोकांचा अविश्वास रास्तच ठरतो.

या सगळ्यावर उपाय एकच आणि तो बिनखर्चाचा आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरचा फोटो काढावा, काळे अंक वहीत लिहावेत आणि बिल आले की वजाबाकी करावी. बिल चुकलेले असेल तर अर्जासोबत ते फोटो जोडावेत. ‘मीटर फास्ट पळतो’ या तक्रारीची बोळवण करणे कोणत्याही कार्यालयाला सोपे जाते. ‘या दोन तारखांमध्ये मीटर १४ युनिट फिरला आणि बिलात ३१ लावले आहेत’ या तक्रारीला मात्र आकड्यानेच उत्तर द्यावे लागते.