नोबेलच्या चौकटीत न मावणारे जामखेड

ऑक्टोबर महिना उजाडला की स्टॉकहोम आणि ऑस्लो येथून नोबेल पारितोषिकांच्या घोषणा होऊ लागतात आणि ‘यंदा कोणी भारतीय आहे का?’ ही चर्चा आपल्याकडे रंगते. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ साली केलेल्या मृत्युपत्रात पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, वैद्यक, साहित्य आणि शांतता असे पाचच विषय होते. १९०१ पासून ही पारितोषिके दिली जाऊ लागली. अर्थशास्त्राच्या पारितोषिकाची भर स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने १९६८ मध्ये घातली.

वैद्यकाच्या पारितोषिकासाठी नोबेल यांनी घातलेली अट ‘शोधा’ची आहे. नवे औषध वा शरीराचे नवे रहस्य उलगडणारा तिला पात्र ठरतो. ठाऊक असलेले उपचार झोपडीपर्यंत पोहोचवणाऱ्याला तेथे जागा नाही. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडचे काम नेमके याच दुसऱ्या प्रकारचे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दाम्पत्य. अमेरिकेत पुढील शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तालुका कायम दुष्काळी. एक हजार बालकांमागे १७६ बालके पहिला वाढदिवसही पाहत नसत. अतिसार, कुपोषण, बाळंतपणातील हेळसांड ही त्यामागची कारणे. म्हणजे बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे. खेड्यात मुक्कामाला राहण्यास शिकलेल्या परिचारिका राजी होईनात. तेव्हा आरोळे दाम्पत्याने गावातीलच स्त्रिया निवडल्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला प्रशिक्षणासाठी येत. तेथे सर्व जातींच्या बायकांनी एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे. गर्भवतीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजणे हे त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. कूपनलिकाही मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या गेल्या, त्यामुळे पाण्यासाठी सगळ्या गावाला तेथेच येणे भाग पडले. औषधापेक्षा हा उपाय कडू होता, पण लागू पडला. नव्वदच्या दशकात बालमृत्यूचा आकडा तिशीच्या आत आला.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जामखेडचा समावेश होता. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये सामाजिक नेतृत्वासाठी रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विमान अपघातात मरण पावलेल्या फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाने १९५७ मध्ये स्थापन झालेला हा पुरस्कार ‘आशियाचे नोबेल’ म्हणून ओळखला जातो. समाजसेवा, सामाजिक नेतृत्व अशा गटांना त्यात प्रारंभापासूनच स्थान होते. १९५८ मध्ये या नेतृत्वगटाचे पहिले मानकरी विनोबा भावे ठरले. बाबा आमटे यांनाही १९८५ साली हा पुरस्कार मिळाला. आपल्याकडील अशा कामांची दखल घेण्यात मनिला स्टॉकहोमच्या पुढेच राहिले, असे म्हणावे लागते.

अर्थात मनिलाच्या सन्मानावरही नावे दोनच होती. मेबल आरोळे १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. गावोगावच्या आरोग्यसेविकांची कल्पना मात्र पुढे सरकारने उचलली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ योजनेला ज्या प्रयोगांचा आधार होता, त्यांत जामखेडही होते. त्या आशा सेविकांना महाराष्ट्रात मानधनवाढीसाठी वारंवार संपावर जावे लागले आहे.