कर्मप्रकृतींचा वृक्ष आणि संगणक

आठ कर्मांच्या १४८ उत्तरप्रकृती पाठ करणे ही आपल्या पाठशाळांमधील जुनी कसोटी. ज्ञानावरणीय ५, दर्शनावरणीय ९, वेदनीय २, मोहनीय २८, आयुष्य ४, नाम ९३, गोत्र २, अंतराय ५. संख्या तोंडपाठ होतात. पण कोणती प्रकृती कोणत्या फांदीवरची, हे ऐन चर्चेच्या वेळी निसटते. म्हणून माझ्या वडिलांनी एका जुन्या खातेवहीच्या कोऱ्या पानांवर या प्रकृतींचा वृक्ष काढून ठेवला होता. बुंधा, आठ फांद्या आणि त्यांना फुटलेल्या डहाळ्या. साठ वर्षांत शाई फिकट झाली आहे, परंतु अक्षर आजही लागते.

निवृत्तीनंतर तोच वृक्ष स्वाध्यायासाठी संगणकावर उतरवावा, असे मनात आले. अशा आकृतीला आज माइंड मॅप म्हणतात. टोनी बुझान या इंग्रज लेखकाने १९७० च्या दशकात बीबीसीवरील कार्यक्रमातून आणि पुस्तकांतून हे नाव लोकप्रिय केले. मधोमध विषय, भोवती फांद्या, प्रत्येक फांदीवर एखादाच शब्द. वडिलांना हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

घरातील मुलांनी सुचविलेल्या एका ऑनलाइन सेवेत मी काम आरंभिले. रंग सुरेख, फांद्या आपोआप वळण घेणाऱ्या. एका चातुर्मासात मोहनीय कर्मापर्यंत मजल गेली. पुढे त्या सेवेने विनामूल्य वापरावर मर्यादा घातली. केलेले काम दिसे, पण त्यात भर घालता येईना. मजकूर बाहेर काढू गेलो तर हाती केवळ चित्र आले, आणि त्यातही जोडाक्षरे तुटलेली. ‘प्रत्याख्यानावरण’ हा शब्द माझा मलाच ओळखता येईना. दोष माझ्याकडेही होता. कर्ज देण्यापूर्वी परतफेडीची वाट पाहून घ्यावी, हे बँकेत असताना मी इतरांना सांगत आलो. येथे स्वतःची ठेव ठेवताना ती परत कशी मिळेल, हे विचारलेच नाही.

अशी वेळ माझ्या एकट्यावर आलेली नाही. एव्हरनोट ही टिपणांची जगभर वापरली जाणारी सेवा. २०२३ च्या अखेरीस तिने विनामूल्य खात्यावर ५० टिपणे आणि एकच वही अशी मर्यादा आणली. व्यापारी आपला माल कोणत्या भावाने द्यायचा हे ठरवतो, तसाच हा त्यांचाही अधिकार आहे. प्रश्न एवढाच, की आपली वही कोणाच्या कपाटात आहे?

दुसऱ्या खेपेस मी क्रम उलटा केला. नवे सॉफ्टवेअर हाती आले की आधी चार-पाच अवघड शब्द टंकायचे: अनंतानुबंधी, प्रत्याख्यानावरण, श्रुतज्ञान. त्यांचा पीडीएफ काढून जोडाक्षरे तपासायची. शोधखिडकीत तेच शब्द घालून ते सापडतात का ते पाहायचे. मग इंटरनेट बंद करून फाइल उघडते का, हेही पाहायचे. या परीक्षेला अर्धा तास पुरतो. रंगरूप त्यानंतर.

या दृष्टीने दोन नावे मला उपयुक्त वाटली. फ्रीप्लेन हे विनामूल्य व मुक्त सॉफ्टवेअर आहे. दिसायला रुक्ष, पण नकाशाची फाइल आपल्याच संगणकावर राहते आणि मोठा वृक्ष मिटण्या-उघडण्याची सोय चांगली आहे. दुसरे ऑब्सिडियन. त्यातील टिपणे साध्या मजकुराच्या फाइली असतात. उद्या ते सॉफ्टवेअर नाहीसे झाले तरी नोटपॅडमध्ये वाचता येतील. त्याच्या कॅनव्हास या सुविधेत टिपणे पडद्यावर मांडून बाणांनी जोडता येतात. अनेकांनी एकाच वेळी एका फळ्यावर काम करायचे असेल, तर मिरोसारखी ऑनलाइन सेवा सोयीची. मात्र तेथे वरील परीक्षा अधिक कडक घ्यावी.

काम करताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सगळेच ज्ञान वृक्षाच्या आकाराचे नसते. मोहनीयातील १६ कषाय घ्या. क्रोध, मान, माया, लोभ हे चार, आणि अनंतानुबंधी ते संज्वलन अशा प्रत्येकाच्या चार पायऱ्या. फांद्यांवर लिहिले तर तेच शब्द चार-चार वेळा येतात. चार बाय चारचा कोष्टक काढला की एका दृष्टिक्षेपात उमगते. कोणत्या गुणस्थानात कोणत्या प्रकृतीचा बंध थांबतो, हे दाखवायचे तर वृक्षच अपुरा पडतो. तेथे आडव्या रेषा लागतात आणि प्रत्येक रेषेवर तिचा अर्थ लिहावा लागतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात याच प्रकारचे संकल्पना-नकाशे विकसित केले. त्यांच्यासाठी सीमॅप टूल्स हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते.

दुकानासाठीही हे साधन वापरता येईल, असे तरुण मंडळी म्हणतात. नवा माल कोठून घ्यावा, कोणते काम कोणाकडे सोपवावे, यासाठी जरूर वापरावे. हिशेब मात्र टॅलीतच राहू द्यावा. कोणत्या पार्टीला किती उधारी द्यायची, हे सामायिक दुव्याने उघडणाऱ्या फळ्यावर तर लिहूच नये. शिवाय बँकेच्या खात्याला नामनिर्देशन असते. या खात्यांचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल बहुधा एकाच माणसाच्या खिशात असतो. घरात आणखी एकाला तो ठाऊक आहे का, हे आजच विचारावे. आमच्या घरी तो कोणालाच ठाऊक नव्हता.

सध्या माझा वृक्ष फ्रीप्लेनमध्ये आहे, कषायांचा कोष्टक वेगळा आहे आणि दोन्हींची प्रत सुनेच्या संगणकावरही ठेवली आहे. नामकर्माच्या ९३ प्रकृतींपैकी ४१ झाल्या. अडले की वडिलांची वही उघडतो.