नको त्या लिंका, नको ती भीती

२०१० च्या नाताळच्या हंगामात अमेरिकेत कोणी गुगलवर 'ड्रेसेस' शोधो, चादरी शोधो की गालिचे, पहिल्या नंबरवर एकच दुकान हजर असायचं: जे. सी. पेनी. दुकान जुनं, नावाजलेलं, हे खरं. पण प्रत्येक वस्तूत सगळ्यांच्या पुढे? 'न्यूयॉर्क टाइम्स'ला शंका आली. एका जाणकाराला कामाला लावलं गेलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भांडं फुटलं. जुगार, मासेमारी, दातांचे दवाखाने, बल्गेरियातल्या जमिनी, इतकंच काय, घोरण्यावरच्या वेबसाइटींवरही 'इव्हिनिंग ड्रेसेस'सारखे शब्द कुठेतरी खुपसलेले होते. क्लिक केलं की थेट पेनीचं पान. अशी २,०१५ पानं सापडली.

घोरणाऱ्याला इव्हिनिंग ड्रेस कशाला हवा? त्याला नकोच होता. लिंक होती ती गुगलसाठी.

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये गुगलचा पाया घातला तो एका साध्या कल्पनेवर. एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली, की ते त्याच्या बाजूने पडलेलं मत. वजनदार पानाचं मत वजनदार. मताला किंमत आली, तशी मतं विकतही मिळू लागली. बाहेरून आपल्याकडे येणाऱ्या या लिंका म्हणजे बॅकलिंका.

गुगलने पेनीला हाताने खाली ओढलं. सॅमसोनाइटच्या प्रवासी बॅगांसाठी संध्याकाळी सात वाजता पहिल्या क्रमांकावर असलेलं दुकान दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेलं. हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं म्हणत पेनीने आपल्या सर्च सल्लागार कंपनीला नारळ दिला.

पुढे २४ एप्रिल २०१२ ला गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला आणि ही कारवाई आपोआप होऊ लागली. वेबसाइटवाल्यांची झोप उडाली. वर्षानुवर्षं गोळा केलेल्या लिंकाच गळ्याशी आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलने 'डिसअव्हाऊ' ही सोय दिली. नको असलेल्या डोमेनांची साध्या टेक्स्ट फाइलमध्ये यादी करायची, एका ओळीत एक, आणि गुगलला कळवायचं: या लिंका आमच्या खात्यात धरू नका.

पण सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विनची चाल बदलली. भंगार लिंक दिसली, की साइटला खाली ढकलण्याऐवजी ती लिंकच मोजायची नाही, असं धोरण आलं. म्हणूनच परदेशी जुगाराच्या किंवा औषधांच्या साइटवरून आलेल्या चार अनोळखी लिंका पाहून छातीत धस्स व्हायचं कारण नाही. अशा लिंका जवळपास प्रत्येक साइटला चिकटतात. लिंका तपासणारी काही टूल त्यांना लाल रंगात 'टॉक्सिक स्कोअर' देतात. तो आकडा गुगलचा नसतो, टूल विकणाऱ्या कंपनीचा असतो. घाबरलेलं गिऱ्हाईक लवकर पैसे मोजतं, हे त्यांना ठाऊक आहे.

खरा धोका आपण, किंवा आपल्या नावाने कोणी, विकत घेतलेल्या लिंकांचा. तशी शंका आली, तर साइटमालकांसाठीचं गुगलचं 'सर्च कन्सोल' उघडून 'मॅन्युअल ॲक्शन्स' (हाताने केलेली कारवाई) हे पान पाहावं. तिथे नोटीस नसेल आणि लिंका विकत घेतल्याचा इतिहासही नसेल, तर बहुधा काही करू नये. क्रमांक घसरला असेल, तर त्याची कारणं मग मजकुरात, वेगात किंवा स्पर्धेत शोधावीत. नोटीस असेल तर आधी त्या साइटींना लिहून लिंका काढायला सांगाव्यात, उरलेल्यांची यादी डिसअव्हाऊमध्ये द्यावी आणि मग फेरविचाराचा अर्ज करावा. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. यादी करताना हात आखडताच ठेवावा. सरसकट नावं टाकली तर चांगल्या लिंकाही हातच्या जातात, असा इशारा गुगलच देतं. बिंग या सर्च इंजिनने तर आपली डिसअव्हाऊची सोय २०२३ मध्ये बंदच केली.

एखाद्या एजन्सीने 'महिन्याला पाचशे बॅकलिंका' असं पॅकेज पुढे केलं, तर त्या कोणत्या साइटींवरून येणार, याची यादी आधी लेखी मागा. ती मिळत नसेल, तर पैसे देऊ नका.